दोन तोंडांचा मायक्रोस्कोप

मी इलेक्ट्रॉनिक्सची डिप्लोमा होल्डर. मीटरवर रीडिंग आलं तर खरं, नाही आलं तर वायर तपासा – एवढाच माझा धर्म. घरात कुणी भुताखेताचं बोलायला लागलं की मी उठून चहा ठेवायला जायची. अजूनही जाते. म्हणूनच हे इतकी वर्षं कुणाला नीट सांगितलं नाही. इथे लिहितेय, कारण इथे मला कुणी ओळखत नाही...

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मी मूळची जळगावची. नोकरी लागली धुळ्याला, एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात, म्हणून तिथल्याच देवपूर भागात मामाकडे राहायला आले. कारखान्यात ट्रान्झिस्टर बनायचे. धुळ्यात ट्रान्झिस्टर! आज सांगितलं तर लोक हसतात. सिलिकॉनच्या चिप बाहेरून यायच्या, खसखशीच्या दाण्याएवढ्या. आमच्याकडे ती चिप धातूच्या बैठकीवर चिकटवायची, केसाहून बारीक सोन्याच्या तारेनं तिला बैठकीखालच्या पायांशी जोडायचं, वर टोपी बसवून सील करायचं आणि टेस्ट करायचं. टीव्हीवाले घ्यायचे, रेडिओवाले घ्यायचे. पुण्यात कॉम्प्युटर जुळवणारी एक कंपनी होती, ती पॉवर सप्लायसाठी घ्यायची.

त्याच वर्षी आमच्याही टेस्टिंगला कॉम्प्युटर आला होता. हिरव्या अक्षरांचा, दोन फ्लॉपीवाला. त्याच्यासाठी एसी बसवला, दाराशी चपला काढायचा नियम झाला, आणि पहिल्या दिवशी सोनवणे साहेबांनी – म्हणजे आमच्या मॅनेजरांनी – मॉनिटरला हळदकुंकू लावून नारळ फोडला. नारळाचं पाणी की-बोर्डवर उडालं म्हणून स्वतःच दिवसभर हळहळत बसले!

तार जोडायचं काम मुली करायच्या. आजूबाजूच्या गावातल्या, दहावी झालेल्या, नजर तेज, हात हलका. त्यांना शिकवणं माझ्याकडे होतं. त्यासाठी एक खास मायक्रोस्कोप होता, दोन तोंडांचा. एका बाजूने शिकणारी बघणार, दुसऱ्या बाजूने मी. खाली वस्तू एकच, दोघींना एकाच वेळी तेच दिसणार. तिची तार कुठे चुकतेय ते मला बसल्याजागी कळायचं.

रेखा नावाची मुलगी तेव्हा माझ्याकडे शिकत होती. साक्री रस्त्यावर नेरच्या पुढे फाट्यावरून आत तिचं गाव. वडील नव्हते. मोठा भाऊ सुरतला कापड मिलमध्ये. गावात आई एकटी – दोन बकऱ्या आणि थोडी बाजरीची जमीन. रेखा धुळ्यात आत्याकडे राहायची, सुट्टीला घरी जायची. कमी बोलायची. हात मात्र असा स्थिर की मी इतर मुलींना तिच्याजवळ उभं करून दाखवायची.

तो उन्हाळ्यातला दिवस. जेवणाची सुट्टी संपली होती. आम्ही दोघी समोरासमोर बसलो, डोळे लावले. चिप नेहमीसारखी – काळं शेत आणि त्यात सोनेरी चौकोन. रेखाने तार टेकवली आणि चित्र एकदम पुसट झालं. मला वाटलं टेबलाला धक्का लागला. मी फोकसचं चाक हळूच फिरवलं. चित्र स्वच्छ झालं...

पण ती चिप नव्हती.

अंगण होतं. वरून पाहिलेलं, गच्चीवरून खाली बघावं तसं. एका बाजूला धुण्याचा दगड. उपडं पडलेलं घमेलं, आजूबाजूला लाल मिरच्या सांडलेल्या. शिडी आडवी पडलेली. आणि दगडाजवळ हिरव्या लुगड्यातली एक बाई, कुशीवर. तिचा एक हात हलत होता – माती सारावी तसा, पुढे-मागे, पुढे-मागे.

हालणारं चित्र. मायक्रोस्कोपमध्ये.

मी झटकन मान वर केली. पहिला विचार आला – रिफ्लेक्शन. पण धूळ येऊ नये म्हणून त्या खोलीच्या खिडक्या कायमच्या बंद असायच्या, काचांनाही रंग मारलेला. रेखाने अजून डोळे काढले नव्हते. मी परत वाकून पाहिलं तर चिप. सोनेरी चौकोन आणि अर्धवट जोडलेली तार.

"मनी माय," रेखा म्हणाली. "मनी माय पडेल शे, मॅडम. आंगणमा पडेल शे."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही बी देखं ना?"

आता काय सांगणार? नाही म्हटलं असतं तर ती पोर वेडी ठरली असती. मी म्हटलं, "हो. पाहिलं."

सोनवणे साहेबांकडे आम्ही दोघी गेलो. साहेब तसे सज्जन, पण अशा गोष्टींना त्यांच्याकडे थारा नव्हता.

"आई आजारी आहे? निरोप कुणी आणला?"

"निरोप नाही आला, साहेब," मी म्हटलं. "पण तिला आत्ता जाऊ द्या. मीही जाते. गाडी मिळाली तर बरं होईल."

"निरोप नाही, फोन नाही, आणि गाडी कसली मागता?"

रेखा एकदम खाली बसली आणि त्यांचे पायच धरले. "साहेब, ती उनमा पडेल शे. मरी जाई ती."

साहेब दचकून मागे सरकले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कुणास ठाऊक, पण पुढे एक अक्षर न विचारता त्यांनी मॅटाडोरची किल्ली काढून दिली.

गाडी चालवायला नाना होते, कारखान्याचे जुने ड्रायव्हर. मॅटाडोर रस्त्याला लागली तसं माझं डोकं थोडं ताळ्यावर आलं. मी रेखाला म्हटलं, "हे बघ, मी काही सांगत नाही. तू काय पाहिलंस ते आधी तू सांग."

तिने सांगितलं. हिरवं लुगडं. घमेलं. मिरच्या. शिडी. हात कसा हलत होता ते तिने स्वतःच्या मांडीवर हात फिरवून दाखवलं.

मी तिला एक शब्दही सांगितला नव्हता.

नानांनी आरशातून आमच्याकडे पाहिलं. ते काही समजले होते की नाही देव जाणे. "रडू नको पोरी," एवढंच म्हणाले. "आत्ते पोची जासुत." आणि त्यांनी गाडी अशी पळवली की मी सीटची दांडी घट्ट धरून बसले.

गावात शुकशुकाट. ऊन एवढं की कुत्रीसुद्धा सावलीला. रेखाचं घर गावाच्या कडेला, धाब्याचं – मातीचं सपाट छत असतं तसं. अंगणाला काट्यांचं कुंपण. ती धावत आत गेली. मी मागून गेले आणि दारातच थांबले... कारण ते अंगण मी ओळखत होते. दगड, घमेलं, शिडी, सांडलेल्या मिरच्या. फक्त आता मी ते जमिनीवरून बघत होते.

रेखाची आई, इंदूबाई, दगडाजवळ कुशीवर पडलेल्या. छतावर मिरच्या वाळत घालायला चढत होत्या आणि शिडी सरकली. खुब्याचं हाड मोडलेलं. सकाळपासून तिथेच होत्या. शेजारची माणसं शेतात आणि लग्नाला गेलेली. ओठ फाटले होते, चेहरा भाजल्यासारखा काळवंडला होता, पण शुद्ध होती. नानांनी तोंडात थेंब थेंब पाणी सोडलं. रेखा आईचं डोकं मांडीवर घेऊन हमसून रडत होती.

इंदूबाईंनी डोळे उघडले. लेकीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना आयुष्यात कधी भेटले नव्हते.

"तू बी व्हती ना वं," त्या म्हणाल्या. आवाज अगदी खोल गेलेला. "तुम्ही दोन्ही वरथून देखी राहिंत्यात. मी इतल्या हाका मार्‍यात... तू तोंड फिराई लिधं."

म्हणजे मी मान वर केली होती तेव्हा.

नाना माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यानंतरचं मला तुटक तुटक आठवतं – खाटेसकट त्यांना मॅटाडोरमध्ये चढवलं, धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ त्या उन्हात पडून राहिल्या असत्या तर हाती लागल्या नसत्या. त्या वाचल्या. पुढे काठीच्या आधाराने चालायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेल्यावर आधी मी तो ट्रान्झिस्टर शोधला. ज्या चिपवर ते दिसलं ती चिप. पण ट्रे पुढे गेला होता. कुणीतरी ती तार पूर्ण केली, टोपी बसवली, टेस्टिंगच्या कॉम्प्युटरने पास केलं आणि पुण्याच्या खोक्यात भरूनही झालं. हजारोंतला एक, कसा ओळखणार? कुठल्या तरी कॉम्प्युटरच्या पोटात तो वर्षानुवर्षं चालला असेल. साहेबांनी मायक्रोस्कोप खोलून लेन्स, प्रिझम, दिवा सगळं पुसून बघितलं. काही नाही. "मॅडम, उन्हाळा आहे, थोडी रजा घ्या," एवढंच बोलले.

हे इथे संपलं असतं तर मी म्हटलं असतं, देवाने एक जीव वाचवला. पण रेखा कामावर परत आली ती वेगळीच होऊन. मायक्रोस्कोपवरून उठेचना. जेवणाच्या सुट्टीतही डोळे लावून बसायची. तिच्या तारा तुटायला लागल्या. मी रागावले तेव्हा म्हणाली, "भाऊ दिसस का देखी राहयनी, मॅडम." सुरतेहून भावाचं पत्र यायचं थांबलं होतं. आईच्या अपघाताचं कळवूनही तो आला नव्हता. तिला वाटत होतं, आई दिसली तसा भाऊही दिसेल.

दिवसभर बघून बघून तिचे डोळे लाल व्हायचे. मला ते पाहवेना. शेवटी एका दुपारी मी म्हटलं, "चल, आपण दोघी मिळून बघू. नाही दिसलं तर हा नाद सोडायचा. कबूल?"

"कबूल."

आम्ही बसलो. मी माझ्या बाजूने डोळे लावले. चिप. फक्त चिप. मी मुद्दाम फोकस पुढे-मागे केला. काळं शेत, सोनेरी चौकोन. बराच वेळ तेच. मला हायसं वाटायला लागलं होतं...

आणि समोरून रेखाचा श्वास अडकल्याचा आवाज आला.

मी वर पाहिलं. तिने डोळे काढले होते आणि ती माझ्याकडे बघत होती. मग तिने टेबलावरून माझा हात धरला, दोन्ही हातांनी, घट्ट.

"काय दिसलं? भाऊ?"

तिने मान हलवली – नाही.

"मग?"

"काही नई, मॅडम."

"रेखा, खरं सांग."

"काही नई," म्हणाली आणि रडायला लागली. मला हात सोडवून घ्यावा लागला.

दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. आत्याकडे चौकशी केली तर कळलं, आईला घेऊन भावाला शोधायला सुरतेला गेली. गावातल्या घराला कुलूप होतं. मी साहेबांना सांगून शिकवायचं काम सोडलं आणि टेस्टिंगच्या कॉम्प्युटरवर बदली मागून घेतली. तिथे निदान हिरवी अक्षरंच दिसायची. पुढे लग्न झालं, मी नाशिकला आले. कारखानाही काही वर्षांनी बंद पडला. बाहेरचा माल स्वस्त पडायला लागला होता.

रेखाने त्या दिवशी माझंच काही वाईट पाहिलं असणार, या भीतीत मी लग्नानंतरची पहिली काही वर्षं काढली. बारीक ताप आला तरी वाटायचं – हेच का ते? मग संसारात विसरायला झालं.

रेखा मला एकदाच भेटली. आम्ही जळगावहून नाशिकला परत येत होतो, धुळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली होती. माझे मिस्टर मुलीला घेऊन पाणी आणायला उतरले होते. मी खाली फलाटावर उभी. शेजारी सुरतेची गाडी सुटायच्या बेतात होती. तिच्या खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "मॅडम!"

ती गाडीतून उतरून धावतच आली. अंगाने भरलेली, कपाळाला मोठं कुंकू. माझ्यासमोर उभी राहून तिने चक्क माझ्या गालांना हात लावून पाहिलं.

"तुम्ही शेतस ना मॅडम... खरंच शेतस?"

"अगं, म्हणजे काय! आहेच की."

ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी. भाऊ सापडला होता, आई सुरतेलाच होती, चांगली होती, सगळं एका दमात सांगून झालं. "मीच चुकनी," ती म्हणाली. "इतला वरीस जीवले घोर व्हता, मॅडम. मीच चुकीनं देखं."

"काय पाहिलं होतंस, रेखा?"

"आते काय करानं ते. तुम्ही शेतस ना!"

तेवढ्यात माझी मुलगी पळत आली आणि माझ्या कमरेला बिलगली. तेव्हा ती पाच-सहा वर्षांची असेल. दिसायला अगदी माझ्यासारखी. लोक म्हणतातच, दोघींचे लहानपणीचे फोटो शेजारी ठेवले तर ओळखू येत नाहीत.

रेखाचं हसू थांबलं.

"हाई कोन?"

"माझी मुलगी."

ती खाली वाकली. पोरीच्या तोंडाकडे बघत राहिली. सुरतेच्या गाडीचा कंडक्टर घंटी मारत होता, तरी ती हलेना. मग तिने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "इले संभाळज्यात, मॅडम."

मी तिचा दंड धरला. विचारलं, काय पाहिलंस, सांग, शपथ आहे तुला. तिने हात सोडवून घेतला, जसा मी एकदा सोडवून घेतला होता, आणि चालत्या गाडीत चढली.

त्यानंतर ती कधी भेटली नाही. सुरतेला दोनदा जाऊन आले, एवढ्या मोठ्या शहरात नुसत्या नावावर कोण सापडतं?

मुलीचं शिक्षण झालं, लग्न झालं, आता बंगलोरला चिप डिझाइनच्या कंपनीत आहे. तिला मी हे एकदा सांगितलं. ती म्हणाली, "आई, हीट स्ट्रोक तुलाही झाला असेल." असेलही. पण मग इंदूबाईंनी मला कुठे पाहिलं होतं?

मुलीला नुकतीच चाळिशीची चाहूल लागलीय. म्हणते, आजकाल चष्म्याशिवाय वाचता येत नाही. परवा तिने स्वतःचा फोटो पाठवला. मी तो उघडला आणि फोन उलटा करून टेबलावर ठेवला. हुबेहूब मी... पण मी त्या वयात कशी दिसायचे ते रेखाने कुठे पाहिलं होतं? स्टँडवर भेटलो तेव्हा मी तिशीतली होते, आणि मायक्रोस्कोपवर बसायचे तेव्हा तर लग्नही झालेलं नव्हतं. तिने पाहिलेली बाई किती वयाची होती – ते वय मुलीने ओलांडलं की अजून यायचंय – हे मी तिला विचारलंच नाही.