साध्या कपड्यातला हवालदार

बाल न्याय मंडळावर मी सामाजिक सदस्य होते, तेव्हा माझी ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. वर्दीतल्या पोलिसाला मी दारातूनच परत पाठवायचे. मुलांना आणताना पोलिसांनी साध्या कपड्यांत यावं, असा नियमच आहे; पण नियम कागदावर आणि खाकी अंगावर. "मॅडम, कपड्यानं काय होते?" असं हसून विचारणारे कमी नव्हते. राग तर माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो.

त्या दुपारी एक हवालदार एका मुलीला घेऊन आला. सोबतची महिला शिपाई सलवार-कुर्त्यात होती, हा मात्र कडक इस्त्रीच्या वर्दीत. मुलीनं बाजारातल्या दुकानातून कानातल्यांचा जोड उचलला होता. एवढ्याशा गोष्टीला समज देऊन घरी सोडायचं असतं. पण पोरगी घराचा पत्ताच सांगेना. "उद्या माहा दहावीचा पेपर आहे," एवढंच म्हणायची. घरचं कोणी आलं नाही, तर तिला निरीक्षणगृहात ठेवणं भाग होतं. म्हणजे पेपर बुडाला.

मी आधी हवालदारावर घसरले. "जा, कपडे बदलून या."

"आता काय बनियनवर येऊ काय, मॅडम?" तो म्हणाला आणि तणतणत गेला.

परतला तो समोरच्या चहावाल्याचा पायजमा आणि शर्ट घालून. पिवळाधमक, त्यावर हिरवे पोपट, आणि पोटावरच्या गुंड्या कशाबशा तग धरून. मंडळाच्या न्यायाधीशबाईंनी फाईल तोंडापुढे धरली. मी ओठ चावले. आणि ती पोरगी, आल्यापासून दगड झालेली, खुदकन हसली.

मग बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"काकाजी, तुमी याच शर्टात माह्या घरी जासान काय?"

आता कुठं सगळं बाहेर आलं. घर शहराच्या पार टोकाला, हुडकेश्वरच्या पुढच्या वस्तीत. शेजारच्या एका पोराला न्यायला मागे वर्दीतले पोलीस आले होते. तेव्हापासून त्या घराला सगळे चोराचं घर म्हणतात, आणि त्याच्या बहिणीनं लाजेनं शाळा सोडली. "माही आई चार घरी पोया लाटते. तिले कामावरून काढतीन," ती म्हणाली.

हवालदार खाली बघत होता. "जातो वं पोरी," तो म्हणाला. "कोणालेच काही सांगत नाही."

गेला तो गेलाच. न्यायाधीशबाई उठायची वेळ होत आली, तरी पत्ता नाही. पोरीपेक्षा मीच जास्त वेळा दाराशी जाऊन आले. शेवटी दारात पोपट दिसले, मागे तिची आई, आणि माझा जीव भांड्यात पडला. आईनं हमीपत्रावर सही केली, न्यायाधीशबाईंनी पोरीला दोन शब्द सुनावले आणि सोडलं. पेपर वाचला.

पोरीनं मात्र आईला पहिला प्रश्न विचारला तो दबक्या आवाजात. "कोणी पाह्यलं काय वं?"

"पाह्यलं ना. शेजारीण इचारे, भाऊ आला काय तुहा?"

"मंग?"

आईनं हवालदाराकडे पाहिलं. तो गुंडी लावायचं नाटक करत होता.

"मंग काय? हो म्हटलं."