हातांनी बोलणारा शेजारी

दोन बोटं ओठांवर आपटली की ‘जेवलीस का?’ आणि मूठ छातीशी नेली की ‘मी आलो.’ आमच्या शेजारच्या खोलीतला संसार असा हातांवर चालायचा. मुका नव्हता हो तो. गिरणीत मागावर होता. तुम्ही लालबागेत राहिला असाल तर ठाऊक असेल, मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. बाकीच्यांची तोंडं भोंगा झाला की सुटायची. हा घरीही तसाच.

बायको बाळंतपणात गेलेली. पोरगी चार वर्षांची, दिवसभर माझ्याकडे. कान तिखट, समज चांगली, पण तोंडातून शब्द नाही. काही हवं असलं की बापासारखे हात हलवायची. जीव नुसता टांगणीला लागायचा माझा.

“भावोजी, तिच्याशी तोंडाने बोला की जरा.”

“बोलेल, वहिनी. घाई काय?”

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. हा मोर्चातून यायचा तो घसा बसवून. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, “भाषेसाठी रस्त्यावर ओरडता, आणि घरात लेकरापाशी एक शब्द नाही. तिनं शिकायचं कुणाकडून, भिंतीकडून?”

तो पोरीला घेऊन आपल्या खोलीत गेला. संध्याकाळी मात्र पलीकडून आवाज आला. “हा तवा. तापलाय. ही भाकरी. ही तुझी, ही माझी.” मोर्चात ओरडावं तसा. गॅलरीतली माणसं हसली, पण त्यानं सोडलं नाही. रोज तेच. मधेच थांबून पोरीच्या तोंडाकडे बघत बसायचा. “एकदा बाबा म्हणाली ना वहिनी, की झालं.” अजूनही कधी तिन्हीसांजेला ती भिंत बोलतेय असं वाटतं आणि माझा कामातला हात थांबतो.

मग एका मोर्चावर गोळीबार झाला. त्याला चौघांनी उचलून आणलं. पोरीला घेऊन मी वरच्या मजल्यावर बसून राहिले. तिला कुणी काही सांगितलं नाही. कसं सांगणार?

काही दिवसांनी, गिरणी सुटायच्या वेळेला, ती कठड्याशी जाऊन उभी राहिली. खाली कामगार परतत होते. आणि तिनं हाक मारली, स्वच्छ, खणखणीत.

“बाबा, ये ना. जेवायचंय.”

अख्खी चाळ बाहेर आली. खालची माणसं थांबून वर बघायला लागली. ती हाका मारतच राहिली. एवढी माणसं होतो आम्ही, ओ द्यायला एकाचाही घसा उघडला नाही.