विनायकचा एडिटर

विनायक गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर रागावलेलो होतो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे. वेळणेश्वरला घरी गेला होता, सकाळी छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं... आदल्याच दिवशी मी त्याला चोर म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

मिरजोळ्याला एमआयडीसीत आमचं दोघांचंच ऑफिस. आंब्याच्या कॅनिंगवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. प्रोग्राम तो लिहायचा, गिऱ्हाइकाकडे जाण्यापूर्वी मी तपासायचो. माझा स्वभाव मुळातच संशयी. पेटीतला वरचा थर चांगला दिसला की मी आधी खालचा बघतो. विनायकचं यंत्र तर संशय यावा असंच. प्रोग्राम लिहायचा एडिटर त्याने वर्षानुवर्षं खपून स्वतःच्या हाताला असा बसवून घेतला होता, की दुसऱ्याने 'जे' दाबलं तर अक्षर उमटायच्या ऐवजी कर्सर खाली घसरायचा. माऊसला तो हात लावत नसे. मला वाटायचं, दुसऱ्या कुणाला येऊ नये म्हणून मुद्दामच करतोय हा. उद्या पुण्याला पळाला की मी बसलो बोंबलत.

त्यातून ती एफ नाइनची कळ. मी मागे जाऊन उभा राहिलो की तो ती दाबायचा आणि आधी काय होतं ते कळायच्या आत पडदा बदललेला असायचा. बाहेरचं काम लपवतोय, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नव्हती. त्या शेवटच्या संध्याकाळी मी तोंडावरच विचारलं. तो खुर्चीतून उठला.

"बसा दादा, तुम्हीच वाचा. लपवायचं असतं तर खुर्ची दिली असती होय?"

मी बसलो नाही. पालीला काम आहे म्हणून निघून आलो.

दिवसकार्य आटोपल्यावर त्याच्या बायकोने, वैशालीने, कागदावर पासवर्ड लिहून दिला. मी ऑफिसचं दार लावून त्याची सेटिंगची फाइल उघडली. पुरावाच शोधत होतो म्हणा ना. एफ नाइनपाशी त्याने स्वतःसाठी टीप लिहिली होती : "दादा मागे आले की. लाल-हिरवं त्यांना सारखंच दिसतं. निळं-पिवळं, अक्षर मोठं. विचारायचं नाही."

मला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. चुकीची ओळ पडद्यावर लाल व्हायची, बरोबर ती हिरवी, आणि मी "हां, दिसलं" म्हणून मान डोलवायचो. दोन वर्षांपूर्वी अशीच एक लाल ओळ मी बरोबर म्हणून पुढे पाठवली होती. विनायकने ती गुपचूप सुधारली. कळ त्यानंतरची. मला स्वतःची फार लाज वाटली.

तरी स्वभाव जातो कुठे... त्याने हे कुणाला सांगितलं असेल का, म्हणून दुसऱ्या दिवशी मी वैशालीला फोन करून आडून आडून विचारलं.

"नाही हो भावोजी," ती म्हणाली. "तुमच्याबद्दल एवढंच म्हणायचे, दादा सगळ्या जगावर संशय घेतात, माझ्यावर मात्र नाही घेत."

त्याच्या एडिटरमधली दुसरी एकही कळ मला अजून येत नाही. रोज सकाळी त्याच्या खुर्चीत बसतो आणि ती एक दाबतो.