डावीकडे वळणारा पंख

माझ्या भाओजींचा हात कधीच डावा पडत नव्हता. डावीकडे जायचा तो आमचा पंख, आणि तो माझ्यामुळे. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. ताईला नाही, बायकोला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या भाओजींना तर नाहीच नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. पनवेलात माझं पंप आणि मोटारी दुरुस्त करायचं लहानसं दुकान होतं. ताईचं सासर उरणच्या वाटेवरच्या गावात, खाडीला लागून. भातखाचरं आणि पलीकडच्या मिठागरात हिस्सा. ती जमीन संपादनात गेली, पैसे आले, आणि गावात कोणी बंगला बांधला, कोणी डंपर घेतला. भाओजींनी पाठीवर बांधून उडायचं यंत्र घेतलं. पॅरामोटर. मुंबईच्या एका हौशी गृहस्थाकडे ते होतं. त्याच्या बायकोनं त्याला शपथ घातली म्हणून तो विकत होता. भाओजींना वेड लागलं असं गाव उघड म्हणायचं.

मीही एकदा विचारलंच, "भाओजी, हे कशाला?"

"आपली खाचरं पायाला ठाव हायत, डोल्याला नाय," ते म्हणाले. "जलमभर बांधावरनं चाललो. पन सगली मिलून दिसतात कशी, ते कुनी बगितलंय? भराव पडायच्या आदी एकदा वरनं बगायचंय. मग टाका म्हनावं माती."

एवढंच त्यांना हवं होतं. एकदा, वरून.

त्या गृहस्थानं रविवारी रविवारी येऊन आम्हा दोघांनाही शिकवलं, पण गावाजवळच्या कापलेल्या शेतावरच्या लहान उड्यांपलीकडे, खाचरांपर्यंत, अजून कोणी गेलं नव्हतं. इंजिन पाठीवर, त्याच्यामागे पिंजऱ्यात पंखा, आणि मागे जमिनीवर पसरलेलं ते लांबलचक कापड. धावलं की कापडाच्या कप्प्यांत हवा शिरायची आणि ते फुगून डोक्यावर उभं राहायचं. गावातली माणसं त्याला छत्री म्हणायची. गृहस्थ चिडायचा, "छत्री नाही हो, पंख आहे तो. छत्री नुसती अडवते, हा उचलतो."

देखभाल माझ्याकडे आली. मला त्याचं फार कुतूहल वाटायचं. शर्टाच्या अस्तराइतक्या पातळ कापडावर नव्वद किलोचा माणूस लोंबकळतो कसा? कापड ओठांना लावून मी फुंकर मारून बघायचो. हवा आरपार गेली तर ते म्हातारं झालं म्हणायचं. ऊन त्याला खातं, म्हणून घडी सावलीत. पेट्रोलचा हात लावायचा नाही. घडी घालण्याआधी एकेक कप्पा झटकायचा, कारण आत नाकतोडा राहिला तर बाहेर पडायला तो सरळ कापड कुरतडतो. खाडीची खारट हवा लागली की माणसाला पंखाशी जोडणाऱ्या दोऱ्यांवरून ओलं फडकं फिरवायचं. हे सगळं मी मनापासून करायचो. म्हणून पुढचं लिहायला जास्त जड जातंय.

एका सकाळी मी उतरत असताना पंख बांधावरच्या बाभळीत गेला. डाव्या टोकाची, पुढच्या रांगेतली एक दोरी तुटली. गृहस्थाला फोन केला. तो म्हणाला, "ती दोरी इथं मिळत नाही, बाहेरून मागवावी लागेल. तोवर उडायचं नाही. दुसरी कुठलीही दोरी लावायची नाही, कळलं?"

कळलं होतं. पण खाचरांच्या एका टोकाला डंपर मुरूम ओतायला लागले होते, आणि भाओजी रोज दुकानावर येऊन विचारायचे, "आली का रं?" मी कोळ्यांच्या जाळ्याला लागते ती नायलॉनची दोरी आणली. बैल उचलेल अशी मजबूत. उजवीकडची जोडीची दोरी जमिनीवर ठेवून तिच्या शेजारी नवी ठेवली, सुताचाही फरक न ठेवता मापली, गाठी मारल्या. आणि भाओजींना म्हणालो, "आली दोरी."

ते उडाले. उडाले आणि डावीकडे वळत राहिले. उजवीकडे वळवणारा ब्रेकचा दोर ओढून ओढून त्यांनी कापलेल्या शेतावर कशाबशा दोन घिरट्या घातल्या आणि उतरले. खाचरांकडे जाताच आलं नाही. माझा पहिला अंदाज इंजिनाचा. पंखा एका बाजूला फिरतो, तर माणूस दुसऱ्या बाजूला ढकलला जातो, हे खरंच असतं.

संध्याकाळी ताईच्या अंगणात माणसं जमली होती. भाओजी विचार करत म्हणाले, "पन उतरताना इंजिन बंद केलं, तरी वलत होताच की रं."

सगळे माझ्याकडे बघत होते. तेव्हा मी म्हणालो, "मग तुमचा हातच डावा पडतो, भाओजी."

हशा झाला. ताई आतून म्हणाली, "आता कलला! ताटातली आमटी पन डावीकडंच सांडतात." कोणीतरी ओरडलं, "डावरे, जरा उजवीकडं सरका!" भाओजीही हसले. त्या दिवसापासून ते गावात डावरे झाले.

त्यांनी आणखी प्रयत्न केले. दर वेळी तेच. शेवटच्या वेळी पंख त्यांना ओढत मिठागरावर घेऊन गेला आणि ते गुडघाभर चिखलात पडले. इजा झाली नाही. झाली असती, हे मला तेव्हाही समजत होतं. अंगावरचा चिखल सुकत असताना ते म्हणाले, "माज्या हाताला ही चीज नाय. तू उड, काय दिसतं ते मना सांग."

इंजिन बंद असताना का वळतो, हा प्रश्न मात्र माझा पिच्छा सोडेना. दुसऱ्या दिवशी दुकानात मी छताच्या लोखंडी कडीला दोन्ही दोऱ्या टांगल्या, एक उजवीकडची मूळची, एक माझी, आणि दोन्हींना तराजूची सारखी वजनं अडकवली. मूळची जागची हलली नाही. माझी बोटभर खाली आली. जमिनीवर दोन्ही अगदी सारख्या. भार आला की माझी ताणायची. माणूस लटकला की पंखाची डावी कड पुढून वर उचलली जायची, ती बाजू मंदावायची आणि पंख तिकडेच फिरायचा. कन्नी चुकलेला पतंग गिरक्या खातो, तसाच. इतकं साधं.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला आनंद झाला. सापडलं म्हणून. भीती नंतर वाटली. अशी दोरी जास्त ताणली तर ती बाजू हवेतच कोसळू शकते, आणि त्या पंखाखाली मी माझ्या बहिणीच्या नवऱ्याला पुन्हा पुन्हा पाठवलं होतं.

खरी दोरी आली तेव्हा ती मी गुपचूप बसवली आणि स्वतः उडालो. पंख पट्टीनं रेघ मारावी तसा सरळ गेला. आणि मी ती खाचरं पाहिली. खालून चौकोनी वाटणारी ती खाचरं चौकोनी नव्हतीच. सगळे बांध मिळून एक मोठं वळण घेत होते, खाडीची जुनी वाट जिथून गेली असेल त्या वळणानं. कधीतरी पाणी मागे सरकलं असेल आणि माणसांनी त्याच्या मागोमाग बांध घातले असतील. एका टोकाला लाल मुरमाची जीभ आत शिरली होती.

उतरलो तर माणसं टाळ्या वाजवत होती. "मेवन्याचा हात बगा!" त्यांत भाओजीही होते. ते धावत आले.

"आपला तो वाकडा बांध दिसला? पुडं जातो कुठं?"

मी सांगितलं. त्यांनी काटकीनं मातीत रेघ काढली. "असा?"

"आणखी वळतो. असा."

"अस्सा!" ते त्या रेघेकडे बघत बसले. "मग ही सगली खाडीच व्हती म्हन की. आनि ते कोपऱ्यातलं, जिथं पानी कदीच सुकत नाय?"

तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, पंख आता सरळ आहे, तुम्हीच बसा आणि बघा. पण त्यांनी विचारलं असतं, आता म्हंजे? आदी नव्हता? म्हणून मी कोपऱ्याबद्दल सांगत राहिलो. त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर दिलं. महिना-दोन महिन्यांत भराव पुढे सरकला आणि बघायला काही उरलं नाही.

भाओजींनी पंखाला पुन्हा हात लावला नाही. पुढे घरात गाडी आली. ती चालवायला ते शिकले नाहीत. आजही मुलाच्या शेजारी बसतात आणि कोणी विचारलं तर हसून म्हणतात, "माजा हात डावा पडतो." नातवंडांना वाटतं, आजोबा मुळातच तसे आहेत.

खाचरं मी त्यांना आता दाखवू शकत नाही. देण्यातला तो वाटा कायमचा बुडाला. पण दोरी मी खोटी लावली होती, खरी आली असं खोटं सांगितलं होतं, आणि त्यांचा हात तेव्हाही बरोबर होता, हे त्यांच्या तोंडावर, घरच्या सगळ्यांसमोर सांगायचं मी त्यांना देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.