केसरअक्काची खात्री

केसरअक्काला काही विचारलं, की ती म्हणायची, "देखीसन सांगस." म्हणजे पाहून सांगते. कोणाची म्हैस व्याली, कोणाकडे पाहुणे आले, स्वतः पाहिल्याशिवाय तिच्या तोंडून शब्द निघत नसे. कापूस वेचताना बायका तिला यावरून चिडवायच्या. ती हसायची आणि पुढच्या झाडाकडे वळायची. धरणगावहून तापीकडे जाणाऱ्या वाटेवरच्या आमच्या गावात तिचं घर आमच्या समोरच होतं.

१९८७ च्या श्रावणात तिचा नवरा सुपडू शेतात गेला तो परत आलाच नाही. घरी ती आणि त्यांची लहान लेक वाट पाहत राहिल्या. आदल्या दिवशी वाटणीवरून त्याची आणि धाकट्या भावाची, सुकदेवची, चांगलीच जुंपली होती. सुकदेव म्हणाला, "रागात गेला असेल कुठं. येईल."

पंधरवड्यानं तापीत एक प्रेत सापडलं. पोलिसांनी घरच्यांना बोलावलं. चेहरा ओळखण्यासारखा राहिलाच नव्हता. सुकदेवनं पाहिलं आणि लगेच हंबरडा फोडला, "दादा!" अक्का मात्र पायांपाशी बसली. सुपडूच्या डाव्या पायाची करंगळी लहानपणीच बैलगाडीच्या चाकाखाली गेली होती. या पायाला पाचही बोटं होती.

"हाऊ मना मालक नही," ती म्हणाली.

"वहिनी, पाण्यानं अंग फुगतं. ओळखू येत नाही."

"फुगल्यानं करंगळी उगवत नाही."

हवालदारानं तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. बाई दुःखात आहे, असं म्हणून त्यानं सख्ख्या भावाचा जबाब घेतला. ओळख पटली म्हणून प्रेत ताब्यात मिळालं आणि परक्या माणसाला सुपडू म्हणून अग्नी दिला गेला. अक्कानं बांगड्या फोडू दिल्या नाहीत. गाव म्हणालं, हिचं डोकं फिरलं.

दहाव्याला सगळे नदीकाठी जमले. ऊन चढलं होतं. सुकदेव चारचौघांत तिला समजावू लागला, "किती हट्ट करशील, वहिनी? दादा आता येणार नाही. कधीच येणार नाही."

अक्कानं मान वर केली. "मी म्हणी ऱ्हायनू, तो मना मालक नही. तरी तुले इतली खात्री कशी शे?"

 सुकदेवची मान खाली गेलेली तिनं पाहिली, आणि तिच्या शेजारी बसलेल्या सासऱ्यांनीही पाहिली.

सासरे, आधार आबा, घरी आल्यावर ओट्यावर बसले. मग अक्काला म्हणाले, "शेतातली जुनी विहीर त्यानं त्याच आठवड्यात बुजवली. गुरं पडतात म्हणाला. मी त्याला सांगितलं नव्हतं." पुढं म्हणाले, "बोललो तर एक पोरगा जातो. नाही बोललो तर दुसरा तिथंच राहतो."

ते काठी घेऊन उठले आणि पोलिसांकडे गेले.

विहीर उकरायला अख्खं गाव जमलं.  दुपारनंतर वास यायला लागला, तशा बायका मागं सरल्या. अक्का सरली नाही. प्रेत वर काढलं तेव्हा ती पुन्हा पायांपाशीच बसली. हवालदारानं विचारायच्या आधीच तिनं होकारार्थी मान हलवली. मग हातातल्या बांगड्या तिथल्याच दगडावर आपल्या हातानं फोडल्या.

सुकदेवला पकडलं. खटला जळगावला दोन वर्षं चालला. आबांनी पोटच्या पोराविरुद्ध साक्ष दिली. वकिलानं विचारलं, "मारताना पाहिलंत का?"

"नाही."

"विहिरीत टाकताना कोणी पाहिलं?"

"नाही."

"मग पुरावा काय?"

"मी बाप शे," आबा म्हणाले. कोर्टाला ते पुरेसं नव्हतं. सबळ पुराव्याअभावी सुकदेव सुटला. त्याच हिवाळ्यात आबा गेले. अग्नी सुकदेवनंच दिला.

तो घराच्या दुसऱ्या भागात येऊन राहिला. मध्ये फक्त एक कुडाची भिंत. एका सकाळी अक्का अंगणात पाणी भरत असताना तो दारात येऊन उभा राहिला. मी समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडत होते.

"वहिनी, कोर्टानं सोडलं. आता तरी पटलं ना?"

अक्कानं बादली खाली ठेवली. "कोर्टाले पुरावा लागस. माले खात्री शे."

तो हसला. चिडला असता तर बरं वाटलं असतं. "मग जपून राहा," एवढंच म्हणाला आणि आत गेला.

त्याच आठवड्यात अक्कानं लेकीला यावलला मामाकडे पाठवून दिलं. आम्ही म्हटलं, तूही जा. पण सुपडूच्या वाट्याची जमीन तिच्या नावावर झाली होती आणि ती तिला सुकदेवला द्यायची नव्हती. ती राहिली. शेतात एकटी जायची ते मात्र बंद झालं. आम्ही दोघी-तिघी सोबत जायचो. परत येताना सुकदेव ओट्यावर बसलेला दिसायचा. आम्ही जवळ आलो, की तो उठून आमच्याकडे पाहत उभा राहायचा, आणि अक्का त्याच्यावरची नजर न काढता कुलूप उघडायची.