पाण्याकाठचं घर
करवंदांची पाटी दारावरून गेली, की त्या आंबटगोड वासासरशी मला एक घर आठवतं. नव्वदनंतरचा एक मे महिना. कुपवाडच्या कारखान्यातले आम्ही चौघे मेढ्याच्या वरच्या जंगलात गेलो होतो, दुपारपर्यंत परतायच्या बोलीवर. सोबत तिथलेच पन्नाशीचे एक वाटाडे होते. झाडी इतकी दाट, की भर सकाळी अंधारल्यासारखं वाटत होतं. ते करवंदं तोडून आमच्या ओंजळीत टाकत पुढं चालले होते. मग झाडी एकदम संपली आणि समोर धरणाचं ओसरलेलं पाणी, काठाला रिकामा वाळूचा पट्टा. मी सरळ पाण्याकडं निघालो. "आवं, भिंतीतनं कुठं निघालायसा?" मागनं ते ओरडले. पायाशी पाहिलं तर वाळूत दगडांची एक रांग. "आमचं घर हाय हे. धरणात गेलं, उन्हाळ्यात तेवढं वर येतंय. दारातनं या." आमच्यातला एक जण हसला. ते हसले नाहीत. चपला काढून उंबऱ्याच्या दगडाशी वाट बघत उभे राहिले. मी वळसा घातला, चपला काढल्या आणि तापल्या वाळूवरून आत गेलो. "बसा," म्हणत त्यांनी माझी बाटली घेतली आणि त्याच धरणाचं पाणी भरून पाहुण्यापुढं ठेवलं. आज मला तिथली वाट सापडणार नाही. पण त्या घराचं दार पूर्वेला होतं, हे मी छातीठोकपणे सांगेन.