दोन्हीकडून सुलट मासिक

संगीताला वाहिलेलं नियतकालिक हा कोणत्याही शहराच्या सांस्कृतिक जीवनाचा कणा असतो. हे वाक्य माझंच आहे. निवृत्तीनंतर सोलापुरात एक संगीतविषयक मासिक काढायचं मी ठरवलं, तेव्हा त्याच्या पत्रकासाठी ते लिहिलं होतं. तोवर हे शहर कण्याशिवाय बरीच वर्षं व्यवस्थित चाललं होतं, ही गोष्ट लिहिताना ध्यानात आली नाही.

मांडणी पुतणी करणार होती. ती पुण्यात डिझायनर आहे, शनिवार-रविवारी घरी येते. मी तिच्यापुढे अनुक्रमणिका ठेवली: रागांवरचे लेख, घराण्यांचा इतिहास, मैफलींची परीक्षणं. तिनं ती न वाचताच विचारलं, "काका, वाचक कोण?"

"रसिक."

"रसिक म्हणजे कोण? एक माणूस सांगा. चष्मा लागतो का, कुठं बसून वाचतो, सगळं."

मी एक माणूस उभा केला. खादीचा झब्बा, मागे पुस्तकांचं कपाट, हातात चहा, डोळे अर्धे मिटलेले.

"डोळे मिटून वाचणार कसा? आणि काका, हे तर तुम्हीच आहात. एका वाचकासाठी छापखाना कशाला?" मग जरा थांबून ती म्हणाली, "आईला धरा वाचक."

तिची आई म्हणजे माझी वहिनी. आमचं घर दुमजली. ती खाली, मी वर. माझी बायको गेली त्या आठवड्यात वहिनी जिन्यात उभी राहून म्हणाली होती, "भावजी, उद्यापासून ताट खाली." त्यावर चर्चा झाली नाही. तेव्हापासून मी तिच्याकडे जेवतो. कडक भाकरी कुस्करून, वर शेंगाचटणी, आणि वाढताना प्रश्न एकही नाही. तो काळ मी निभावून नेला असं लोक म्हणतात. कुणी नेला, ते मला माहीत आहे.

कॉलनीच्या देवळात दर गुरुवारी दुपारी बायकांचं भजनी मंडळ बसतं, त्यात वहिनी पुढे म्हणते. ओळ तिनं द्यायची, बाकीच्यांनी ती झेलायची. पुढे म्हणणारीनं वहीत बघायचं नाही, असा तिथला रिवाज आहे. बघितलं तर तोंडावर कुणी काही बोलत नाही; प्रसाद वाटताना मात्र 'वहीवाली' असा शब्द ऐकू येतो.

अलीकडे वहिनीच्या ओळी सुटत होत्या. तिसऱ्या कडव्याच्या जागी पुन्हा दुसरंच यायचं. पेटी वाजवणारी शेजारीण तिला सांभाळून घ्यायची. ती तेलुगू घरातली, वहिनीला अक्का म्हणते. ओळ आली नाही की तीच चाल पुन्हा एकदा वाजवायची, जणू ठरलेलंच होतं. पण असं किती दिवस झाकणार? वहिनीनं घरात सांगून टाकलं होतं, "दिवाळीनंतर मी मागं बसते." मागे बसलेली बाई हळूहळू यायचीच बंद होते, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. आठवड्यातली तेवढी एक दुपार तिची स्वतःची होती.

"मासिक म्हणजे वही नव्हे," पुतणी म्हणाली. "ते मधे उघडं पडलेलं असेल, तर कुणीही बघेल. त्यात लाज कसली?"

तेव्हा असं ठरलं की मधल्या पानांवर मोठ्या टायपात मंडळाची गाणी, मागेपुढे माझे लेख. गुळगुळीत कागदावर नमुना अंक काढला आणि गुरुवारी मीच तो देवळात नेला.

बायका समोरासमोर दोन रांगांत बसल्या होत्या. अंक मधे सतरंजीवर उघडला. पंख्यानं पानं उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर टाळ ठेवले. वाजवायला टाळ उरले नाहीत, हे पहिली ओळ संपल्यावर लक्षात आलं. टाळ उचलल्यावर समोरच्या रांगेतली एक म्हणाली, "आमाला उलटं दिसतंय की!" आणि तिनं अंक आपल्याकडे फिरवला. अलीकडच्या रांगेनं तो परत फिरवला. पंगतीतल्या चटणीच्या वाटीसारखं माझं मासिक इकडून तिकडे जात राहिलं, आणि तिसरं कडवं आलं तेव्हा ते नेमकं पलीकडे होतं.

वहिनी थांबली. पेटीनं चाल पुन्हा वाजवली. मग आणखी एकदा. कुणीतरी खाकरलं.

"आरती घ्या," वहिनी म्हणाली.

घरी येताना ती एवढंच बोलली, "भावजी, मासिक लई छान झालंय. पण मला नको."

पुतणीनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि रविवारी येऊन मांडणी मोडली. आता एकाच जोडपानावर तेच गाणं दोनदा होतं; खालच्या अर्ध्यात अलीकडच्या रांगेसाठी, वरच्या अर्ध्यात समोरच्या रांगेकडे तोंड करून. त्यासाठी जागा हवी होती, म्हणून घराण्यांचा इतिहास गेला. घराण्यांनी तक्रार केली नाही.

छापखान्यातून फोन आला. "सर, वरचं अर्धं पान उलटं लागलंय."

"मुद्दाम आहे."

"वाचणाऱ्यानं शीर्षासन करायचं का?"

"समोर बसायचं."

"बघा बुवा. नंतर माझ्या नावानं ओरडू नका."

पुढच्या गुरुवारी मी दाराशी, चपलांजवळ बसलो. अंक मधे होता आणि कुणी त्याला हात लावत नव्हतं. दोन्ही रांगांच्या नजरा खाली होत्या, त्यामुळे कोण आठवून म्हणतंय आणि कोण बघून, हे सांगता आलं नसतं. तिसरं कडवं आलं. वहिनीनं ओळ दिली, स्वच्छ, वरच्या सुरात, आणि बाकीच्यांनी ती झेलली. मी आजवर पुष्कळ मैफलींबद्दल पुष्कळ विशेषणं लिहिली आहेत. त्या क्षणी फक्त 'बरं झालं' एवढंच सुचलं, आणि ते पुरलं.

भजन संपल्यावर शेजारीण पेटीचा भाता बंद करत म्हणाली, "अक्का, आज मला कामच दिलं नाहीस की तू."

"तुझे हात दुखतात म्हणालीस ना परवा," वहिनी म्हणाली.

दिवाळी होऊन गेली. वहिनी पुढेच बसते. त्या दोघींचे, आणि डोळे मिटून वाचणाऱ्या रसिकाला वेळीच घालवून देणाऱ्या पुतणीचे, माझ्यावर उपकार आहेत.

मंडळानं मधली पानं सोडवून लॅमिनेट करून घेतली आहेत. ती फाटत नाहीत, भिजत नाहीत, पंख्यानं उडत नाहीत. त्यामुळे दुसरा अंक काढावा लागलेला नाही.